डावी बाही आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल

तीर्थरूप आत्यास,

घाईचा साष्टांग नमस्कार. (पत्रातच बरा. प्रत्यक्ष करायला वाकले की तू ओरडतेस, "ऊठ आधी, फरशीवर टाचण्या पडल्यात!") आम्ही सगळे इकडे मजेत आहोत आणि तूही मजेत असशील असं मी धरून चालते. तुझी तब्येत कशी आहे? शिलाई मशीनची तब्येत कशी आहे? त्याचा पट्टा अजून सटकतो का? खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा खोकला कसा आहे? मांजर कसं आहे? तुझा डावा हात कसा आहे? चष्म्याचा नंबर वाढला का? (डाव्या हाताचं आपलं सहज विचारलं. उजव्याचंही विचारते, नाहीतर तुला वाटेल मी पक्षपात करते. उजवा हात कसा आहे?)

पत्र बघून तुला धक्का बसला असेल. मला शाळेत पत्र लिहायला शिकवलं ते फक्त प्रिन्सिपलला, तेही पोट दुखतंय म्हणून सुट्टी द्या एवढंच, आणि तेही इंग्लिशमध्ये. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस, भावनेकडे बघ. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू विषय कापतेस. मी "आत्या, एक विचारायचं होतं" म्हटलं की तू "जेवलीस का?" म्हणतेस, मी "हो" म्हटलं की "मग ठेव, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस. मागच्या महिन्यात तुझ्याकडे चार वेळा गिऱ्हाईक आलं, आणि चारही वेळा मागे रेडिओशिवाय कोणाचाच आवाज नव्हता. पत्राला तुला "ठेव" म्हणता येणार नाही. (फाडता येईल. पण तू कागद फाडत नाहीस, त्याच्या मागे मापं लिहितेस, हे मला माहीत आहे.)

तर आधी माझ्या नोकरीबद्दल. तू सगळ्यांना सांगतेस की "आमची घाई दवाखान्यात फोटो काढते", आणि ते बरोबरच आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं मी दारात कॅमेरा घेऊन उभी असते. आत्या, मी तळघरात असते. तिथे आमचं एमआरआय मशीन आहे. ते म्हणजे एक मोठ्ठं लोहचुंबक, मध्ये बोगदा, आणि त्या बोगद्यात माणूस सरकवायचा. एक्स-रेमध्ये हाडं झकास दिसतात, पण स्नायू, चरबी, मांस यांचा नुसता धूर. म्हणजे कोटाची बटणं दिसावीत आणि कापड दिसू नये, तसं. आमच्या मशीनला कापड दिसतं, अस्तर दिसतं, अस्तरात कुठे घडी पडलीये आणि त्या घडीत काय अडकलंय तेही दिसतं. अंगात कुठे गाठ असेल तर ती वरवरच्या चरबीत आहे की खाली स्नायूत शिरलीये, तिची कड साफ आहे की विस्कटलेली, ती नुसती चरबी आहे की आणखी काही, याचा बराचसा अंदाज सुरी न लावता येतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला तुझीच आठवण आली. तू कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करून बघतेस. मशीनही तेच करतं. फक्त तुझ्यापेक्षा जास्त आवाज करतं. (तुझ्या मशीनमध्ये जाडी जीन्स घालून सुई अडकल्यावर जो आवाज येतो ना, तो पंचवीस मिनिटं.)

तळघरात माझ्यावर दोन माणसं आहेत. एक आमच्या हेड टेक्निशियन, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांचा एकच नियम आहे, "प्रत्येक पेशंटनंतर चादर बदल, ट्रे मोज, मग श्वास घे." दुसरे आमचे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर. त्यांना आम्ही "कदाचित डॉक्टर" म्हणतो. (त्यांच्या मागे.) त्यांच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीत "कदाचित", "बहुधा", "तशी शक्यता दिसते" असतं. आणि नुसतं रिपोर्टमध्ये नाही. तुम्ही जेवलात का विचारलं तर म्हणतात, "जेवलो असण्याची शक्यता जास्त आहे." एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, "वर जातेय का?" तर म्हणाले, "सध्या तरी तसं दिसतंय." हेडबाई म्हणतात की यांनी लग्नात होकारसुद्धा "कदाचित" असाच दिला असणार, बायकोने तो होकार धरला म्हणून संसार झाला.

आता मुद्द्यावर येते. (मुद्दे दोन आहेत. हा पहिला.) ज्या पेशंटला हाताला लागणारी गाठ असते, त्याच्या गाठीवर आम्ही बाहेरून, कातडीवर, एक माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवतो. हो, तीच पिवळी कॅप्सूल, तू लहानपणी मला नाक दाबून गिळायला लावायचीस ती. त्यातलं तेल आमच्या फोटोत पांढरंशुभ्र चमकतं. मग डॉक्टरांना कळतं की पेशंट "इथे, इथे" म्हणतोय ते नेमकं कुठे. पेशंटने बोट ठेवायचं, आपण तिथे कॅप्सूल ठेवायची, वर चिकटपट्टी, फोटो झाला की काढायची, ट्रेमध्ये टाकायची, कागदावर खूण करायची. एवढं सोपं काम. म्हणून मला दिलं.

त्या दिवशी एक घड्याळदुरुस्तीवाले काका आले होते. दंडावर गाठ. त्यांनी वर्षभर ती बायकोला दाखवली नव्हती, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी म्हटलं, "काका, वर्षभर का थांबलात?" तर म्हणाले, "रोज सकाळी आरशात बघायचो, वाटायचं आज नसेल." मी त्यांना चांगलं लेक्चर दिलं. की असं लपवायचं नसतं, बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण बघितल्याशिवाय कसं कळणार, सुशिक्षित माणसाने असं घाबरायचं का, वगैरे. फार छान बोलले मी. हेडबाईंनीही काचेपलीकडून मान हलवली. (काकांची गाठ पुढे साधी चरबीची निघाली. हे तुला मुद्दाम सांगते.) मग कॅप्सूल लावली, फोटो काढले, काका घड्याळ मनगटावर बांधत गेले.

त्यांच्यामागचा पेशंट आलाच नाही. आणि आमच्याकडे नुकतीच एक नवी कॉइल आली होती. कॉइल म्हणजे हाताभोवती टोपलीसारखी बसवायची वस्तू, ती आतलं जवळून ऐकते. ती आधी धडधाकट माणसावर तपासून बघायची असते. हेडबाई म्हणाल्या, "कोण झोपतंय?" आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी बोगद्यात होते. तू मला घाई हे नाव काय उगीच ठेवलंस का? चादर राहिली. ट्रे राहिला. श्वास मात्र घेतला.

फोटो झाल्यावर हेडबाई चहाला गेल्या, आणि मी उत्साहाने स्वतःचा दंड बघायला बसले. आत्या, स्वतःचं आतलं बघणं ही काय गोष्ट आहे! हाड मध्ये, भोवती स्नायू, वर चरबीची पांढरी गोल पट्टी, सगळं कसं नीट रचलेलं. मी मनात म्हटलं, आत्याने बघायला पाहिजे, एकही टीप वाकडी नाही. आणि तेवढ्यात ती दिसली. चरबीच्या पट्टीला लागून. लांबट, गुळगुळीत, पांढरीशुभ्र. एकोणीस मिलिमीटर. माझ्या हातात.

आता तू म्हणशील, हेडबाईंना हाक मारायची. बरोबर आहे. दोन तासांपूर्वी मीही हेच म्हणत होते. पण मी काय केलं माहितीये? मी स्क्रीन बंद केली, चादर बदलली (आता!), जुनी चादर धुवायला टाकली, आणि हेडबाई आल्यावर म्हटलं, "कॉइल मस्त आहे." त्यांनी आवाज ठीक आला का एवढंच विचारलं आणि कागदावर सही केली. बोलले असते तर ते खरं झालं असतं, आणि न बोलता ते फक्त एका बंद स्क्रीनमध्ये होतं.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मी तुला सांगते, पण बाबांना सांगू नकोस. मी दिवसातून चाळीस वेळा दंड चाचपायचे. चौथ्या दिवशी दंड चाचपून चाचपून काळानिळा झाला, आणि मी म्हटलं, बघा, आता रंगही बदलला. पाचव्या दिवशी दुखायला लागला. मी म्हटलं, झालं, पसरलं. इंटरनेटवर वाचलं, तिथे तर साध्या चामखिळीपासून सुरुवात करून माणूस तिसऱ्या पानावर निरोप घेतो. शाळेतल्या एका मैत्रिणीला फोन करून तिसरीत तिचा खोडरबर मी चोरला होता याची माफी मागितली. (तिला आठवतच नव्हतं. आता आठवण झाल्यापासून ती जरा तुटक वागते.) शेजारच्या मुलीला माझी सायकल देऊन टाकली. म्हटलं, वापर, आनंदाने वापर, मला आठव. ती म्हणाली, "ताई, तू कुठे चाललीस?" मी नुसतं हसले. मला वाटलं ते हसू फार शांत आणि मोठ्या माणसासारखं होतं, पण तिच्या आईने बाबांना विचारलं म्हणे, की पोरीचं काही बिनसलंय का. कामावर तर कहरच झाला. एका आजींना आत सरकवताना मी म्हटलं, "घाबरू नका हं, काही होत नाही", आणि माझा आवाज असा काही कापला की त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "नाही गं बाळा, तू घाबरू नकोस."

सहाव्या दिवशी दुपारी मी तुला फोन केला होता. तुला आठवत असेल, बॉबिनमध्ये दोरा कसा भरायचा ते विचारायला. (आमच्या घरात शिलाई मशीन नाही. तू ते त्या वेळी काढलं नाहीस, याबद्दल मी तुझी आभारी आहे.) तू सगळं नीट सांगितलंस, आणि मग मध्येच म्हणालीस, "रडतेस का?" मी म्हटलं, "नाही, सर्दी झालीये." तू मागचा रेडिओ बंद केलास. मग म्हणालीस, "सर्दी असली तरी एकटीने काढू नये घाई, कोणाला तरी सांगावं." आणि नेहमीप्रमाणे गिऱ्हाईक आलं.

त्या वाक्यावर मी आणखी दोन दिवस काढले आणि मग कदाचित डॉक्टरांकडे गेले. थेट नाही गेले. फोटोवरचं नाव झाकलं आणि म्हटलं, "सर, माझ्या एका मैत्रिणीचा फोटो आहे, जरा बघता का?" ते काय बोलणार ते मला पाठ होतं, बहुधा अमुक, कदाचित तमुक, आणि त्या कदाचितांच्या जंगलातून मला माझं आयुष्य शोधून काढायचं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला लावलं, आणि म्हणाले, "नक्की."

आत्या, तळघरात वीस वर्षांत कोणी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकलेला नाही. मी खुर्ची धरली.

"नक्की माशाचं तेल आहे," ते म्हणाले. "ही गाठ शरीराच्या बाहेर आहे. ही मधली बारीक काळी रेघ दिसते? ती कातडी. शरीर रेघेच्या आत असतं, साधारणपणे." मी ती रेघ आठ दिवस बघत होते. मला वाटलं ते गाठीचं आवरण. ती मीच होते! चरबी पांढरी, तेल पांढरं, आणि मध्ये मी, एक रेघ. घड्याळवाल्या काकांची कॅप्सूल पट्टीसकट त्या न बदललेल्या चादरीला चिकटून राहिली होती आणि मी घाईघाईत तिच्यावर दंड टेकवून झोपले होते. डॉक्टरांनी फोटो बंद केला, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "मैत्रिणीला सांगा, चादर बदलत जा." जाता जाता वळून म्हणाले, "आणि पुढच्या वेळी मैत्रिणीने आठ दिवस थांबू नये." मी आठ दिवस म्हटलंच नव्हतं. फोटोवरचं नाव झाकलं होतं, तारीख झाकायची राहिली.

हेडबाईंनी मला अर्धा तास झाडलं. चादरीवरून दहा मिनिटं, ट्रेवरून दहा, आणि उरलेली दहा मी त्यांना सांगितलं नाही यावरून, आणि ती शेवटची दहा जास्त लागली. मग त्यांनी एक कॅप्सूल दोऱ्यात बांधून माझ्या खुंटीवर टांगली. अजून आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, "ही आमच्या घाईची गाठ." सायकल परत मागायला गेले तर पोरीने तिला नवी घंटी लावली होती. घंटी तिला परत द्यायला निघाले, तर म्हणाली, "राहू दे ताई, तुला मी आठवेन." एकूण फार हसण्यासारखं झालं सगळं, आणि तुला हसवावं म्हणूनच मी हे एवढं लांबण लावलं.

हेडबाईंची शिक्षा म्हणून माझ्या ॲप्रनच्या बाह्या आखूड करायच्या होत्या, म्हणजे पुन्हा काही चिकटलं तर दिसेल. म्हणून तर मी त्या रविवारी तुझ्याकडे आले. तुला आठवतं, तू तोंडात टाचण्या धरून बोलत होतीस आणि तरी मला सगळं कळत होतं, इतकी सवय आहे. मी मिठी मारायला आले तर तू उजवा खांदा पुढे केलास. दोऱ्यांचा डबा वरच्या फळीवर होता, तर म्हणालीस, "तू काढ गं, बघू तुझी उंची वाढली का." आत्या, मी तेवीस वर्षांची आहे. माझी उंची सात वर्षं तेवढीच आहे आणि तो डबा तू माझ्या जन्माआधीपासून डाव्या हाताने न बघता काढतेस. पण ते असो. आपण दोघींनी ॲप्रनबद्दल पुष्कळ चर्चा केली. ॲप्रन छान झालाय. हेडबाईंनी उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "कोणी शिवलाय? टिपा बघ, रेघ मारल्यासारख्या."

बाकी इकडे सर्व ठीक. बाबा बरे आहेत, गुडघा दुखतो म्हणतात पण टीव्हीचा रिमोट आणायला पळत जातात. मास्तरांना नमस्कार. मांजराला काय सांगतात ते मला माहीत नाही, जे सांगतात ते सांग. पत्राचं उत्तर लगेच पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल, त्याचं कारण खाली आहे.

तुझीच लाडकी आणि आता चादर बदलणारी,
घाई

ता. क. हे वर लिहायचं होतं, पण चार पानं झाली तरी हात तिकडे वळेना. आत्या, तुझ्या त्या राखाडी कोटाची डावी बाही. मी विचारलं तर तू म्हणालीस की धुवून कापड आटलं. एकच बाही आटली? डबा काढायला मी तुझ्या मागे उभी होते आणि काखेखाली जोडलेला त्रिकोणी तुकडा मला दिसला. रंग तंतोतंत जुळवलास, दुसऱ्या कोणाला कळणार नाही. पण तो तुकडाही नंतर वाढवलाय, त्याच्या जुन्या टिपेची भोकं शेजारी तशीच आहेत. म्हणजे बाही दोनदा उसवलीस. हा कोट तू थंडी सुरू होताना शिवलास आणि थंडी अजून संपलेली नाही. कापड उलटं करून बघायला मला तूच शिकवलंस, तेव्हा आता माझ्यावर चिडू नकोस. गुरुवारी सकाळी दहा वीसची वेळ मी घेऊन ठेवली आहे. मी बुधवारी संध्याकाळी तुला घ्यायला येते. गिऱ्हाईक आलं असेल तर त्यालाही घेऊन येते.

ता. क. २. अंगावर लोखंडाचा एक कणही नको. तुझ्या छातीवर कायम सात टाचण्या टोचलेल्या असतात, कॉलरमध्ये एक सुई असते जी तुलाही आठवत नाही, आणि खिशात छोटी कात्री. अशी तू आमच्या खोलीत शिरलीस तर टाचण्या तुझ्या आधी मशीनमध्ये पोचतील आणि हेडबाई मला मशीनच्या मागे पुरतील. निघताना मी तुला पूर्ण तपासणार आहे, गिऱ्हाइकाचा कपडा तपासतेस तशी. फोटो काढताना दुखत नाही. नुसतं पडून राहायचं आणि आवाज ऐकायचा, आणि तो आवाज तुला तरी ओळखीचाच वाटेल. नंतर लागलंच तर सुईने छोटासा तुकडा तपासायला घेतात. सुईला घाबरणारी तू नाहीस. फोटो चालू असताना मी काचेपलीकडे असेन, तुझ्या हातात एक रबरी फुगा देईन, तो दाबला की मी आत. बाबांना सांगितलेलं नाही. ते आले तर तुझ्या आधी त्यांनाच झोपवावं लागेल.

ता. क. ३. पाकिटात कापडाच्या घडीत एक कॅप्सूल आणि चिकटपट्टी आहे. गिळू नकोस! गाठ नक्की कुठे आहे ते फक्त तुला माहीत आहे, आणि तळघरात दोन-तीन माणसांसमोर बाही वर करून बोट दाखवणं तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून घरीच, आरशासमोर, तुझी तूच लाव. मी काही विचारणार नाही. मला फोटोत दिसेलच. हेडबाईंना मी सांगितलं होतं की पेशंट माझ्या मैत्रिणीची आत्या आहे. त्यांनी वहीत नाव घालताना वर न बघता विचारलं, "ॲप्रन शिवला तीच का?"

ता. क. ४. वर मी असं भासवलंय की कदाचित डॉक्टर आयुष्यात एकदाच "नक्की" म्हणाले. ते खोटं आहे. काल दुसऱ्यांदा म्हणाले. मी त्यांना बाहीचं सांगितलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: वाढतेय का, खोल आहे का, लिंबापेक्षा मोठी आहे का. मी म्हटलं, "सर, मी गाठ बघितलेली नाही, फक्त शिवण बघितलीये. पण ती शिवण दोनदा उसवलीये, आणि माझी आत्या कारणाशिवाय एक टाका उसवत नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गुरुवारी त्यांना नक्की आणा." मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "पण सर, बहुतेक साध्याच असतात ना? घड्याळवाल्या काकांसारखी असेल ना?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कदाचित." आत्या, मी त्यांच्या या शब्दाला दोन वर्षं हसत आले. काल तो मी घट्ट मुठीत धरून घरी आणला, आणि आता या पाकिटात तुला पाठवतेय, कॅप्सूलशेजारी. तू मला म्हणाली होतीस ना, एकटीने काढू नये, कोणाला तरी सांगावं. मग बुधवारी मी दार वाजवलं की गिऱ्हाईक समजून उघड.